चौथ्या शाईचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

‘शाई’ हा आपला शब्द फारसीतल्या ‘स्याही’वरून आला, आणि स्याही म्हणजे काळेपणा. म्हणजे शाई मुळात काळीच. तांबडी शाई, निळी शाई असे आपण सहज बोलून जातो, पण मूळ अर्थ धरून बसले तर तो ‘तांबडा काळेपणा’ होतो. पोथ्या लिहिणारे लोक दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात खलून शाई करत. आजच्या छापखान्यातली काळी शाईही जातीने काजळीच आहे, फक्त ती कारखान्यात होते आणि डिंकाऐवजी तेलात, राळेत खलली जाते. आज बोलायचे आहे ते या काळ्या शाईविषयीच. पण मजकूर छापणाऱ्या नव्हे, तर रंगीत चित्रात चौथी म्हणून जी येते तिच्याविषयी.

वर्तमानपत्रातले कुठलेही रंगीत छायाचित्र भिंगाखाली धरा. चेहरा, साडी, आकाश सगळे नाहीसे होते आणि नुसते ठिपके उरतात. आकाशी छटेचा निळा, त्याला छापखान्यात सायन म्हणतात, आपल्या राणी रंगाच्या जवळ जाणारा मॅजेन्टा, पिवळा, आणि काळा. यातल्या पहिल्या तीन शाया कुठे किती लागणार हे बऱ्याच अंशी चित्रच सांगते. पिवळे झेंडूचे फूल पिवळा मागणार, त्यात कुणी काही ठरवायचे नसते. चौथीचे तसे नाही. मूळ चित्रात ‘इतकी काळी शाई घाला’ असे कुठेही लिहिलेले नसते. ते प्रमाण माणसाला ठरवावे लागते, आणि आपण नाही ठरवले तर आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेले असते. माझे म्हणणे सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ही चौथी शाई लागते कशाला ते पाहू. फ्रँकफर्टमध्ये १६६७ साली जन्मलेल्या याकोब क्रिस्टॉफ ल ब्लाँ या कलावंताने तांबडा, पिवळा आणि निळा या तीनच रंगांच्या तीन प्लेटा एकावर एक छापून सगळे रंग मिळवता येतात हे दाखवले. १७१९ साली त्याला इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट मिळाले. पुढे पॅरिसला गेल्यावर त्याने चौथी, काळी प्लेटही वापरली. १७४१ साली तो वारला आणि त्याच्या हाताखाली थोडे दिवस काम केलेला गोतिए दागोती चार प्लेटांची, म्हणजे काळ्यासकटची पद्धत आपलीच असे सांगत पुढे आला. राजाकडून त्याने परवानाही मिळवला. मूळ तीन रंगांपेक्षा या काळ्या प्लेटेच्या श्रेयावरून जास्त भांडण व्हावे, यातच काय ते आले.

कागदावरच्या हिशेबाने सायन, मॅजेन्टा आणि पिवळा पूर्ण मात्रेत एकत्र आले की काळा व्हायला हवा. प्रत्यक्षात होतो तो चॉकलेटी, मळकट तपकिरी. कारण शाया शुद्ध नसतात. सायनने फक्त तांबडा प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते, पण तो थोडा हिरवा आणि निळाही गिळतो. मॅजेन्टाही तसाच. मग सावल्यांना खोली यावी, केसांच्या बटा, डोळ्यांच्या कडा नीट उठाव्यात म्हणून काळी शाई येते. शिवाय तीन महाग शायांचे काम एका स्वस्त शाईने होते, हा फायदा कुठल्याही छापखान्याच्या मालकाला समजावून सांगावा लागत नाही.

आता गंमत अशी की आपल्या डोळ्याला दिसणारा कुठलाही रंग तीन आकड्यांत सांगता येतो. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशीच तीन जातींच्या आहेत. छापताना मात्र आकडे चार लागतात. तीनाचे चार करायचे म्हणजे एक आकडा मोकळा राहतो. तोच तपकिरी रंग काळ्याशिवायही छापता येतो, थोडा काळा घालूनही आणि भरपूर काळा घालूनही. घरच्या भाषेत सांगायचे तर शंभर रुपये द्यायचे आहेत. ते दहाच्या दहा नोटा देऊन द्या, नाहीतर एक पन्नासाची आणि पाच दहाच्या द्या. रक्कम तीच. पण खिशात काय उरले आणि मोजताना चूक कुठे होईल, हे बदलते.

उदाहरण घेऊ. सागवानी लाकडाच्या जवळपासचा एक तपकिरी रंग आहे, समजा सायन ५० टक्के, मॅजेन्टा ७०, पिवळा ८०. एकूण शाई झाली २००. या तिन्हींत ५०-५०-५० हा भाग समान आहे, आणि तीन शायांचा समान भाग म्हणजे करडा. रंगात त्याचा काही वाटा नाही, तो फक्त रंगाला गडद करतो. मग तो तिघांतून काढून घ्या आणि त्याजागी ५० टक्के काळा ठेवा. उरला मॅजेन्टा २०, पिवळा ३०, काळा ५०. शाई झाली १०० टक्के, म्हणजे निम्मी. हा सोपा केलेला हिशेब आहे. खरे पाहता बिनरंगी करड्यासाठी सायन थोडा जास्त लागतो, साधारण ५० ला ४० आणि ४०. पण तत्त्व हेच. याला इंग्रजीत ग्रे कंपोनंट रिप्लेसमेंट म्हणतात, आमच्या बोलण्यात जीसीआर. जर्मन लोकांनी ‘उनबुंटआउफबाउ’ असा जीभ वळेल न वळेल असा शब्द केला. त्याचा अर्थ बिनरंगी बांधणी, आणि मला तो जास्त अचूक वाटतो.

याच्या आधीपासूनची पद्धत यूसीआर, म्हणजे अंडर कलर रिमूव्हल. तिच्यात रंगांना हात लावायचा नाही. फक्त गडद, बिनरंगी सावल्यांमधून तिन्ही शाया कमी करायच्या आणि काळी वाढवायची. कील शहरातली हेल किंवा इंग्लंडची क्रॉसफील्ड यांचे मोठे ड्रम स्कॅनर होते, तेव्हा हे सगळे बटणे पिळून करत. त्या खोलीतल्या कसबी माणसाला कुठल्या चित्राला काळा किती पचतो हे डोळ्यांनी कळत असे. पुढे ते काम संगणकाच्या एका चौकटीत आले. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ती चौकट सगळ्यांनी पाहिली असेल. वर जीसीआर की यूसीआर. खाली काळ्याचे प्रमाण, ते नन, लाइट, मीडियम, हेवी, मॅक्सिमम. त्याखाली काळ्या शाईची कमाल मर्यादा १०० टक्के आणि एकूण शाईची मर्यादा ३०० टक्के. उघडल्याबरोबर तिथे ‘मीडियम’ आलेले असायचे. बहुतेकांनी ते कधी हलवलेच नाही.

एकूण शाईची मर्यादा ही काय भानगड आहे? चार शाया प्रत्येकी १०० म्हणजे एका जागी ४०० टक्के शाई पडू शकते. इतकी शाई कुठलाच कागद सोसत नाही. चकचकीत आर्ट पेपरवर ३०० ते ३३० पर्यंत चालते. वर्तमानपत्राचा कागद तर टीपकागदाचा चुलतभाऊ. तिथे शाई वाळते ती उष्णतेने नव्हे, कागदात मुरून. म्हणून वर्तमानपत्री छपाईसाठी २४० ची मर्यादा मानली गेली आणि नंतरच्या प्रमाणकांत ती २२० वर आली. ही मर्यादा ओलांडली की चित्राची शाई समोरच्या पानाला लागते, मागच्या बाजूने आरपार दिसते आणि वाचणाऱ्याच्या बोटांना लागते. सकाळी चहाच्या कपावर काळे ठसे उमटतात ना, त्यातले काही याचेच. २२० मध्ये गडद सावली बसवायची तर तिन्ही शाया आटोपत्या घेऊन भार काळीवर टाकावा लागतो. म्हणजे वर्तमानपत्रात जीसीआर ही हौस नाही, गरज आहे.

पण गरज म्हणून सरसकट काळा ओतला की काय होते ते चेहऱ्यांवर दिसते. परदेशी पुस्तकांत जुना नियम आहे: त्वचेच्या रंगात काळा येऊ देऊ नका. तो नियम गोऱ्या चेहऱ्याला सोपा जातो, कारण तिथे सायन जेमतेम १०-१५ टक्के असतो. काढून घ्यायला करडा भागच फारसा नाही. आपला सावळा चेहरा घ्या. सायन ४०, मॅजेन्टा ६०, पिवळा ७० असा काही तो येतो. करडा भाग चांगला ४० चा. ‘मीडियम’वर ठेवलेला संगणक तो भाग पाहतो आणि त्याचे काळे करून टाकतो. त्याला ते लाकूड आहे की माणसाचा गाल, हे कळत नाही. त्यात वर्तमानपत्री कागदावर ठिपका पसरतो. मधल्या छटांमध्ये ही वाढ २६ टक्क्यांची धरतात, म्हणजे ५० चा ठिपका छापून ७६ सारखा दिसतो. चित्राचे रंग वेगळे करताना आर्ट पेपर गृहीत धरला असेल आणि छपाई झाली वर्तमानपत्री कागदावर, तर गालावरचा तो हलका काळा चांगलाच दाट होऊन बसतो. चेहरा काजळलेला दिसतो. काळा ठिपका पांढऱ्या-पिवळ्यावर सर्वांत उठून दिसणारा असल्यामुळे त्वचा खरखरीतही वाटते.

यावर आपल्याकडे जो उपाय करतात तो मला मूळ दुखण्यापेक्षा वाईट वाटतो. चेहरा ‘साफ’ करायचा म्हणून सायन आणि काळा दोन्ही उतरवतात. मग सावळी नवरी पत्रिकेत आणि अल्बममध्ये हळदीतून बाहेरच न आल्यासारखी पिवळी-गुलाबी होते. शेतकऱ्याचा उन्हात रापलेला चेहरा मेणाचा होतो. त्या माणसाने आपला रंग बदलून मागितलेला नसतो. काळी शाई त्या रंगाला समजून घालणे एवढेच काम होते. माझा अनुभव असा की सावळ्या त्वचेसाठी काळा अजिबात नको म्हणणेही बरोबर नाही. नाहीतर सगळी गडद छटा एकट्या सायनच्या जिवावर राहते, आणि यंत्रावर सायन जरा वाढला की चेहरा हिरवट, जरा घटला की तांबूस. काळा हलका ठेवावा आणि उशिरा सुरू करावा. उजळ बाजूला, गालाच्या उंचवट्यावर तो नसावा; हनुवटीखालच्या सावलीत, केसांच्या मुळाशी, भुवयांत असावा. आम्ही त्याला सांगाड्यासारखा काळा म्हणतो.

उलट एक काम असे आहे की जिथे काळ्याला पुढे केल्याशिवाय गत्यंतर नाही. पुण्यस्मरणाच्या जाहिराती सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. घरात आजीचा एकच फोटो असतो, स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. कडा दुमडलेल्या, पण चेहरा स्वच्छ. घरचे लोक तो जपून नेऊन देतात. जाहिरात रंगीत पानावर येते आणि सकाळी पाहावे तर आजी गुलाबी झालेली. शेजारच्या गल्लीत आलेल्या प्रतीत ती हिरवी असते. एका कुटुंबाकडे मी अशा दोन प्रती शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. त्यांना वाटत होते की कुणीतरी मुद्दाम फोटोला रंग दिला. छापणाऱ्याकडून उत्तर मिळाले होते की रंगीत पानावर असे व्हायचेच. ते खरे नाही.

झालेले असते ते इतकेच: करडा फोटो तीन रंगीत शायांनी बांधलेला असतो. ५०, ४०, ४० हा तोल जोवर टिकतो तोवर तो करडा. रोटरी यंत्र तासाला हजारो प्रती सोडते, शाई-पाण्याचे प्रमाण सतत थोडे हलत असते. मॅजेन्टा दोन-चार टक्के वर गेला की करडा गुलाबी होतो, आणि आपला डोळा इतर रंगांतली चूक पोटात घालतो तशी करड्यातली घालत नाही. तोच करडा काळ्या शाईने बांधला असता तर? काळी शाई कमीजास्त झाली तर आजीचा फोटो जरा फिका किंवा जरा गडद झाला असता, पण गुलाबी नाही. काळ्याला रंगच नाही, मग तो कुठल्या रंगाकडे झुकणार? अशा फोटोला जीसीआर ‘हेवी’ किंवा ‘मॅक्सिमम’ हवा. स्टीलची भांडी, चांदीचे ताट, मोटारसायकल, सिमेंटच्या इमारती यांनाही तोच न्याय.

मग नुसत्या एका काळ्यातच का छापू नये? छापावे, पण एक अडचण आहे. उजळपणा ० ते १०० अशा पट्टीवर मोजला, ० म्हणजे पूर्ण काळोख, तर आर्ट पेपरवर काळी शाई साधारण १६ वर येते. वर्तमानपत्री कागदावर तीच सुमारे ३६ वर थांबते, आणि तो कागदही पांढरा कसला, ८२ च्या आसपास. म्हणजे एकट्या काळीचा काळा तिथे गडद करडाच. म्हणून सर्वांत खोल सावल्यांच्या खाली तिन्ही शायांचा हलका हात द्यावा लागतो. चौकटीत तळाशी यूसीए, अंडर कलर अॅडिशन नावाचा एक आकडा असे, तो यासाठी. शून्यावर असायचा, आणि अर्थात शून्यावरच राहायचा.

आता प्रश्न असा की आज हे ठरवते कोण? १९९३ साली काही संगणक आणि छपाई कंपन्यांनी मिळून आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केले. त्यातून रंगांचे प्रोफाइल आले. विशिष्ट यंत्र, शाई आणि कागद यांवर चाचणीचा तक्ता छापायचा. प्रचलित तक्त्यात १,६१७ चौकोन असतात. प्रत्येक चौकोन मोजायचा आणि त्यावरून उलटसुलट कोष्टके करायची. एका बाजूचे कोष्टक सांगते, अमुक शाया घातल्या तर कुठला रंग दिसेल. ते मोजमाप आहे, त्यात मत नाही. दुसऱ्या बाजूचे सांगते, अमुक रंग हवा तर शाया किती घालायच्या. इथे तो मोकळा चौथा आकडा येतो, आणि प्रोफाइल करणाऱ्याने काळ्याविषयी जे ठरवले असेल ते कोष्टकात गोठून बसते. युरोपात चकचकीत कागदासाठी ‘आयएसओ कोटेड व्ही२’ हे प्रोफाइल खूप चालले. ते मोजमापांच्या एकाच संचावरून दोन तऱ्हांनी केलेले आहे, एकात एकूण शाई ३३० आणि दुसऱ्यात ३००. यंत्र तेच, कागद तोच, निवड वेगळी.

आपल्याकडे घरोघरच्या डिझाइनच्या संगणकांत मात्र फोटोशॉपबरोबर आलेले अमेरिकी प्रोफाइल जसेच्या तसे ठेवलेले मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. ते अमेरिकेतल्या वेब ऑफसेटवरच्या मुलामा दिलेल्या कागदासाठी, एकूण शाई ३०० धरून केलेले आहे. त्यातून निघालेली जाहिरात तालुक्याच्या गावी वर्तमानपत्री कागदावर छापली जाते. पुढचा दोष मग मशीनमनच्या माथी. तो बिचारा शाईच्या चाव्या फिरवून फिरवून थकतो, पण जे प्रमाण कोष्टकातच चुकले ते चावीने कसे सुधारणार?

यात आणखी एक सापळा आहे. दोन वेगवेगळ्या काळ्यांनी बांधलेली चित्रे पडद्यावर सारखीच दिसतात आणि प्रूफमध्येही सारखीच. दिसायलाच हवीत, कारण रंग तोच आहे, फक्त नोटा वेगळ्या. फरक पडतो तो यंत्र धावू लागल्यावर. म्हणून गिऱ्हाईक प्रूफवर सही करते तेव्हा ते रंग पाहते, त्यामागची बांधणी त्याला दिसतच नाही.

मजकुराचे तर वेगळेच दुखणे. तयार चाररंगी पान कुणी एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात बदलले, की नुसत्या काळ्यात असलेली अक्षरे चार शायांत वाटली जातात. संगणकाला काळा रंग दिसतो, अक्षर दिसत नाही. देवनागरीत हे फार जाचते. आपला अनुस्वार, रफार, ‘ऋ’ची वळणे, बारीक टाइपातल्या वेलांट्या. चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली तरी अनुस्वाराला गुलाबी पिल्लू फुटते आणि जोडाक्षर बुजते. औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे किंवा निविदेतले आकडे असे बुजले तर ते सौंदर्याचे नुकसान राहत नाही. यासाठी चार शायांतून थेट चार शायांत नेणारी वेगळी प्रोफाइले असतात, त्यांना डिव्हाइस लिंक म्हणतात; ती निखळ काळ्याला निखळ काळाच ठेवतात. मोठ्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांत जीसीआरने शाई वाचवणाऱ्या प्रणालीही असतात. वाचलेल्या शाईचे आकडे त्यांच्या जाहिरातीत ठळक असतात. मला त्यांचे मोल करडा स्थिर राहण्यात जास्त वाटते.

ज्यांना पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक किंवा घरातल्या माणसाची जाहिरात छापून घ्यायची आहे, त्यांनी हे सगळे शिकायची गरज नाही. छपाईआधी संगणकावर बसलेल्या मुलाला एवढेच सांगावे की बाकीचे तीन रंग बंद करून नुसता काळा दाखव. रंगीत माणसाचे चित्र असेल तर पडद्यावर केस, डोळे, सावल्या एवढेच पुसट दिसायला हवे, चेहरा जवळजवळ कोरा. तिथे पूर्ण फोटो दिसला तर गालात काजळी जाणार आहे. जुना कृष्णधवल फोटो असेल तर उलट पाहायचे: काळ्यात पूर्ण चेहरा दिसायला हवा, आणि मग काळा बंद केल्यावर पडदा जवळजवळ रिकामा. मजकूर असेल तर काळा बंद करताच सगळी अक्षरे नाहीशी झाली पाहिजेत. काही तिथेच उभी राहिली, तर ती कुठल्या कागदासाठी आणि कुठल्या प्रोफाइलमधून आली, हे प्लेट काढण्याआधी विचारावे. प्लेट निघाल्यावर त्याचे उत्तर मिळते, पण उपयोग नसतो.